जगदाळ्याचं विरजण

जगदाळ्यानं मला उभ्या आयुष्यात नावानं हाक मारली नाही. कॉलेजात तो कुणालाच नावानं हाक मारायचा नाही, विषयानं मारायचा. मी केमिस्ट्री. "काय केमिस्ट्री, जेवलास का?" स्टाफरूममध्ये येऊन तो बातम्या सांगायचा त्या अशा : "इतिहासाला ताप आहे." "भूगोल पाटणला सासरवाडीला गेलाय." "इंग्रजीला मुलगा झाला, पेढे ठेवलेत." नवीन माणूस दचकायचा. आम्ही पेढे घ्यायचो.

तो स्वतः वनस्पतिशास्त्राचा. पण त्याला वनस्पती म्हणायची कुणाची छाती नव्हती. अंगानं दांडगा, बाप फौजेतून सुभेदार होऊन आलेला, गाव कोयनानगरच्या वर डोंगरात. टेरिलिनची पँट, पायात करकरणाऱ्या वहाणा, आणि उन्हाळा असो पावसाळा असो, काखेत छत्री. हसायचा नाही. म्हणजे त्याला विनोद कळत नव्हता असं नव्हे. सगळे हसत असले की तो एकेकाच्या तोंडाकडं असा बघायचा, जणू या लोकांना एकदम काय झालं.

सांगलीत त्या काळात शास्त्र शिकवणारे बहुतेक जण पुस्तक वाचून दाखवायचे. मीही दाखवायचो, खोटं कशाला बोलू? जगदाळे मात्र पुस्तकाशी भांडायचा. 'पेशी हा एक कारखाना आहे' हे वाक्य आलं की तो पुस्तक मिटायचा.

"हे लिहिणाऱ्यानं कारखाना बघितलेला नाही. कारखान्याला चेअरमन असतो, निवडणूक असते. पेशीत चेअरमन नाही, तरीसुद्धा काम होतं. हे लग्नघर आहे."

मग तास संपेपर्यंत लग्नघर. मागच्या परड्यात आचारी रांधतोय, ती प्रथिनं. त्यातलं काही वरपक्षाला वाढायचं, काही घरच्या बायकांना, काही गावात वानोळा म्हणून दाराबाहेर पाठवायचं, आणि खरकटं उकिरड्यावर. यीस्टच्या पेशीत पोटाशी एक मोठी पोकळी असते, तो तिचा उकिरडा. "उकिरडा म्हणजे घाण नव्हे रं. शेतकऱ्याच्या पोरांना हे काय सांगायचं? तिथं कुजलेलं सगळं परत रानात जातं. आता मला सांगा, आचारी रांधण्यात गुंग. मालक दारू पिऊन पडलेला. तरी बुंदी उकिरड्यावर आणि खरकटं व्याह्याच्या पानात, असं कधी होत नाही. का होत नाही?"

पोरं हसायची.

"हसू नका, उत्तर द्या. मला येत नाही म्हणून विचारतोय."

त्याला खरोखरच येत नव्हतं, आणि त्याची झोप उडाली होती ती त्यापायीच. प्रथिनाच्या अंगावरच कुठंतरी खूण असते आणि ती खूण बघून वाढपी त्याला पिशवीत घालून योग्य दाराशी नेतात, असा त्याचा अंदाज. जनावरांच्या पेशीत तशा पिशव्या लोकांनी बघितल्या होत्या. यीस्ट पडलं बारीक आणि घाईचं. माल आत तयार होतो, बाहेर पोचतो, मधली वाट काही दिसत नाही.

"केमिस्ट्री, तू कुंभार्ली घाटानं गेलायस का? एरवी रस्ता मोकळा वाटतो. एक ट्रक आडवा झाला की मग कळतं, ह्या वाटेनं किती गाड्या जातात. मला आडवा झालेला ट्रक पाहिजे."

म्हणजे त्याला असं यीस्ट हवं होतं, ज्याच्यात माल तयार होतो पण वाटेत अडतो. असलं यीस्ट मिळालं की ते मोठ्या यंत्राखाली धरायचं आणि माल कुठं तुंबलाय ते बघायचं. ते यंत्र, इलेक्ट्रॉनवालं, पुण्यात होतं. यीस्ट मात्र कुठंच नव्हतं. त्यानं ते शोधलं जवळच्या साखर कारखान्याच्या दारूभट्टीत. मळी आंबवायच्या हौदाचा गाळ बाटल्या भरभरून आणायचा, साखरेच्या दाट पाण्यात सोडायचा आणि तळाशी जे पहिलं बसेल ते उचलायचा. मी विचारलं, तळाचंच का? तर म्हणाला, "ज्याचं घरातलं बाहेर जात नाही, तो जड होतो. तुझ्याकडं बघ."

दोन उन्हाळे त्याचं हे चाललं होतं. प्रयोगशाळेला आंबूस वास यायला लागला. गावात बोलवा झाली की जगदाळे सर कॉलेजात गाळतात.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णा. माळकरी माणूस, दारूचं नाव काढलं तरी कानाला हात लावणारे. घरी म्हशींचा मोठा गोठा. ते एक दिवस न कळवता प्रयोगशाळेत आले आणि दारातच उभे राहून हुंगायला लागले. प्राचार्यांचा चेहरा चुन्यासारखा झालेला. काचेच्या बाटल्यांमधून बुडबुडे येत होते.

"काय हाय हे, जगदाळे?"

जगदाळे दाराशी गेला. "विरजण आहे, अण्णा."

"कशाचं?"

"अभ्यासाचं."

अण्णांनी एक बाटली उचलली, हलवली, वास घेतला. "बिघडलंय," अण्णा म्हणाले. "भांडं नीट धूत न्हाईसा तुमी. आमच्या घरनं न्या चांगलं." आणि जाता जाता प्राचार्यांना हुकूम करून गेले की प्रयोगशाळेत सगळ्यावर मराठीत चिठ्ठ्या पाहिजेत, म्हणजे लोक उगाच काहीबाही बोलणार नाहीत.

यीस्टला सरकारी मराठी शब्द आहे 'किण्व'. जगदाळ्यानं एका बाटलीवर तो लिहून बघितला. शिपाई म्हणाला, "सर, कण्व ऋषी का?" त्यानं ती चिठ्ठी काढली आणि सगळ्या बाटल्यांवर लिहिलं, 'विरजण'. कॉलेजात तोच शब्द रूढ झाला. शिपाई म्हणायचा विरजण, पोरं म्हणायची विरजण, आणि हळूहळू जगदाळेही तेच म्हणायला लागला. शब्द सोयीचा होता. हा शब्द पुढं काय करून ठेवणार आहे, हे आम्हाला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर आम्ही चहाचं निमित्त करून उठलो असतो.

यीस्ट सापडलं ते एका मार्च महिन्यात. जगदाळे माझ्या प्रयोगशाळेत आला, दार लावून घेतलं. "केमिस्ट्री, फेलिंग काढ."

ज्यांचं शास्त्र सुटलंय त्यांच्यासाठी सांगतो. उसाच्या साखरेनं फेलिंगचं निळं द्रावण तापवलं तरी निळंच राहतं. ती साखर फुटून तिचं ग्लुकोज झालं की द्रावण विटेसारखं लाल होतं. यीस्ट ही साखर फोडायचं एक प्रथिन तयार करतं आणि आपल्या भिंतीशी, दाराबाहेर नेऊन ठेवतं. जगदाळ्यानं आपलं यीस्ट आधी ग्लुकोजवर पोसलं होतं. भरल्या पोटी कोण काम करतो? तेव्हा ते हे प्रथिन करतच नाही. मग त्याचे दोन वाटे केले, एक माठाजवळ गारव्याला, एक पत्र्याखाली उकाड्यात, आणि दोन्हींना ग्लुकोजऐवजी उसाच्या साखरेचं पाणी देऊन म्हणाला, आता करा काम.

गारव्यातल्याचं पाणी तापवलं, लाल. उकाड्यातल्याचं तापवलं, निळं.

"मेलं असेल उकाड्यात," मी म्हणालो.

"जिवंत आहे, पण सुखी नाही," जगदाळे म्हणाला. हे त्याचं ठेवणीतलं वाक्य, प्राचार्यांबद्दलही तो हेच म्हणायचा. त्यानं उकाड्यातलं यीस्ट खलात घातलं, बारीक वाळू टाकली आणि मनगट दुखेपर्यंत घोटलं. मग तो रस साखरेच्या पाण्यात घातला आणि थोड्या वेळानं माझ्यापुढं धरला. मी तापवलं. लाल! असं लाल की मी दिवा विझवायचा विसरलो.

माल आत गच्च भरलेला होता. तयार होता, चांगला होता, दारापर्यंत पोचत नव्हता. गारवा असला की वाट चालू, उकाडा झाला की ट्रक आडवा. मला एवढा आनंद झाला की मी जगदाळ्याला मिठी मारली. तो म्हणाला, "फेलिंग सांडतंय."

पुण्याच्या यंत्राची वेळ मिळाली जूनमध्ये. त्याच्या आधी नव्हती. आणि इथंच सगळी गोची झाली. मे महिन्यात कॉलेज बंद, काटकसर म्हणून प्रयोगशाळेची वीज बंद. आमच्या दोघांच्या घरी फ्रीज नव्हता. सांगलीचा मे तुम्हाला माहीत आहे. ते यीस्ट उकाड्यात दोन-चार तास तग धरायचं, त्यापलीकडं फुगून मरायचं. आणि असलं यीस्ट आमच्या माहितीत सबंध जगात ते एकच.

"आमच्या वाडीत झऱ्याचं पाणी आहे," जगदाळे म्हणाला. "न्हाणीत दगडी डोणी आहे, त्यात झरा सोडलाय. मे महिन्यातसुद्धा हात घातला की दात वाजतात. आये सांभाळेल."

बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून लहान मडक्यात ठेवली आणि आम्ही दोघं पहाटेच्या एस्टीनं निघालो. मडकं जगदाळ्याच्या मांडीवर, वर छत्री उघडून धरलेली. एस्टीत छत्री! कंडक्टर आला.

"काय हाय त्यात?"

"विरजण."

"मायला," कंडक्टर म्हणाला, "कोयनेकडं म्हशी मेल्या व्हय?"

वाडी डोंगराच्या पाठीवर. मोठ्या भूकंपात जुनी घरं पडल्यावर बांधलेली पत्र्याची घरं, आणि प्रत्येक घरामागं हिरवंगार परडं. जगदाळ्याची आई वाळकी, काटक, कपाळावर मोठं गोंदण. सुभेदार जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हातारी एकटी दोन म्हशींचं करायची. जगदाळ्यानं तिच्या हातात बाटली दिली.

"आये, हे विरजण हाय. माझं लय मोलाचं हाय. गारव्यात ठेव आन् जिवापाड जप. जूनमधी न्यायला येतो."

"जपतो की," म्हातारी म्हणाली. तिकडं बायकाही 'जपतो' म्हणतात. "इरजान जपाया काय लागतंय? माज्या सासूचं इरजान मी अजून चालिवतोय."

आम्ही ऐकलं. दोघांनी ऐकलं, आणि दोघं शिकलेले. एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. जगदाळ्याला विद्यापीठाचे पेपर तपासायला परत जायचं होतं. मला म्हातारीनं दिलेलं ताक फार आवडलं होतं, माझं लक्ष त्यात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परत गेलो. तिथूनच पुण्याला जायचं म्हणून कपड्यांची पिशवी बरोबर घेतलेली. म्हातारी अंगणात आली ती हसतच. "या मास्तर. तुमचं इरजान लय जपलंय. पर आंबूस लागतंय बरं का, आन् धड लागत न्हाई. दही पातळ येतंय."

जगदाळे तिथंच थांबला.

"दही?"

"मग? रोज लावलं की. एक दीस चुकीवलं न्हाई. न लावता ठिवलं तर मरंल न्हाई का?"

बाटली धुऊन, पालथी घालून कट्ट्यावर ठेवली होती. विरजण जपायचं म्हणजे काय, हे त्या वाडीत कुणालाही विचारा. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, कारण आपलं कधी नासलं तर तेच घर परत देणार. चार घरी असलं तर मरत नाही. म्हातारीनं लेकाचं मोलाचं विरजण चार काय, वाडीतल्या सगळ्या घरांत वाटलं होतं. तिनं तर चूक केलीच नव्हती. तिनं ते जसं जपायचं तसंच जपलं होतं.

मला असा संताप आला म्हणून सांगू! कुणावर काढावा तेच कळेना. जगदाळ्यावर काढावा असं फार वाटत होतं. त्यानं फक्त एक वाटी मागितली. "कुणाकुणाला दिलंस आये?"

आणि तो सहाफुटी प्राध्यापक वाडीत घरोघरी फिरायला लागला, काखेत छत्री, हातात वाटी. मी मागून. प्रत्येक दारात वाकायचा, म्हणायचा, "वैनी, आमच्याकडनं आणलेल्या दह्यातलं चमचाभर द्या." बायका पदर तोंडाला लावून एकमेकींकडं बघायच्या. शेजारची पारूकाकी म्हणाली, "आवं सर, दिल्यालं इरजान कुनी म्हागारी मागतंय व्हय? चार हंडं दूध न्या पायजे तर." दुसऱ्या एकीनं प्रामाणिकपणे सांगितलं, "लय वंगाळ लागत हुतं, सांगाया जीव झाला न्हाई. म्हशीला घातलं." जगदाळे म्हणाला, "म्हशीला काही झालं नाही ना?" आणि पुढच्या घरी गेला.

सांगलीला परतताना एस्टीत मी म्हणालो, "दह्यात यीस्ट जगतं रे कधीकधी."

"जगतं. पण ह्याला दुधातली साखर पचत नाही. दुधाच्या घरात उपाशी मेलं असणार." आणि त्यानं दह्याच्या वाटीवर छत्री उघडून धरली.

त्यानं सगळ्या घरांतलं दही काचेच्या बशांवर लावून बघितलं. जे जे उगवलं ते ते उकाड्यात घातलं आणि माझ्याकडं आणलं. मी फेलिंग तापवत राहिलो. सगळी लाल. गावठी, सुखी, धडधाकट यीस्टं. पुण्याला त्यानं कळवलं, पेशंट वारला. पुढची वर्षं तो पुन्हा कारखान्याच्या गाळात बसला, पण तसं परत सापडलं नाही. तास तो तसाच घ्यायचा. लग्नघर, आचारी, उकिरडा, "उत्तर द्या, मला येत नाही." फक्त पिशव्यांबद्दल बोलताना तो आता "असाव्यात" म्हणायचा. आधी "आहेत" म्हणायचा.

आईला तो एक शब्द बोलला नाही. पण म्हातारीला कळायचं ते कळलं. माणूस वाडीभर दही गोळा करत फिरतो ते काय उगाच? दिवाळीत मी त्याच्याबरोबर गेलो होतो तेव्हा जेवताना ताक नव्हतं. दोन म्हशींच्या घरात ताक नाही! मी मूर्खासारखं मागितलं. जगदाळ्यानं माझ्या पायाला पाय लावला. मागाहून पारूकाकीनं मला सांगितलं, म्हातारीनं दही लावायचंच सोडलं होतं. दूध तसंच डेअरीला घालायची. कुणी विरजण मागायला गेलं तर म्हणायची, "न्हाई बाई, माज्या हाताला यश न्हाई." त्या वाडीत विरजणाला नाही म्हणणारं ते एकच घर.

सत्तरीचं दशक संपता संपता एकदा आम्ही दोघं कोल्हापूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो होतो. मी माझं काम करत होतो. जगदाळे मासिकांच्या मांडणीपाशी उभा होता, तो बराच वेळ उभाच. जवळ गेलो तर हातात एक परदेशी अंक. अमेरिकेत कुणीतरी तेच केलं होतं. उकाड्यात अडणारं यीस्ट शोधलं होतं, साखर फोडणारं तेच प्रथिन वापरून, आणि पुढं तर तसली आणखी कितीतरी, जड होऊन तळाशी बसणारीच निवडून काढली होती. फोटोही होते. पेशीच्या पोटात, दाराच्या वाटेवर, गच्च दाटलेल्या लहान लहान पिशव्या.

मला रडू यायला लागलं. स्पष्ट सांगतो, मला वाटलं आपलं काहीतरी चोरलं. चोरलं कुणीच नव्हतं, हेही कळत होतं. मी म्हणालो, "जगदाळे, हे तुझं आहे रे."

"माझं कुठलं? त्यांचं आहे. त्यांनी बघितलं," तो म्हणाला, आणि बोट पिशव्यांवरून फिरवत राहिला. "पण केमिस्ट्री, आहेत बघ." आणि तो हसला. मी त्याला हसताना बघितलं ते त्या दिवशी. मग त्यानं अंक जागेवर ठेवला. "चल, वाडीला जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी चुलीपुढं दूध तापवत होती. जगदाळ्यानं वहाणा काढायच्या आधीच सांगितलं, "आये, सापडलं."

"काय?"

"इरजान."

म्हातारीचा हात थांबला. "कुनाच्या घरात?"

मी जगदाळ्याकडं बघितलं. वाटलं, आता हा लग्नघर काढणार.

"लय लांब गेलतं," तो म्हणाला. "अमेरिकेत."

"आगं आई! तितवर कुनी न्हेलं?"

"आसंल कुनीतरी न्हेलं."

म्हातारीनं विचार केला. "पारीचा जावई बोटीवर हाय," ती म्हणाली.

"मग त्यानंच न्हेलं असंल."

"आन् जगलं?"

"जगलं. लेकुरवाळं झालंय चांगलं."

"तुला कायतरी बघायचं हुतं त्यात, ते बघितलं का त्या मानसांनी?"

"बघितलं. मी म्हणत हुतो तसंच निघालं."

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. "इतकी वर्सं जिवाला घोर हुता रं. माज्या हातनं मेलं म्हून."

"तुझ्या हातनं कशाला मरंल आये? तू तर रोज दूध पाजलंस त्याला."

ह्याच तोंडानं त्यानं मला एस्टीत जे सांगितलं होतं ते मला आठवत होतं. मी चुलीतल्या जाळाकडं बघत बसलो.

म्हातारीनं दूध उतरवलं. त्यात करंगळी बुडवून बघितली, फडताळातून मडकं काढलं, फुंकलं, पुसलं. मग थांबली, आणि लेकाकडं न बघता म्हणाली, "पारीकडं आसंल का रं वाईच?"

"बघतो," जगदाळे म्हणाला. त्यानं वाटी घेतली आणि पत्र्याच्या वळचणीखालून वाकून बाहेर गेला. मी दारातून बघत होतो. परड्याची वाट, तिच्यावरून चाललेली ती रुंद पाठ, आणि मग कुडापलीकडून त्याचा आवाज, तासाला लावायचा तसा मोठा :

"पारूकाकी, इरजान द्या वाईच. आये दही लावतीया."